मुलांबरोबर पायोनियर गोष्टी: वाचलेलं खेळून बघताना

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस या विषयावर धागा काढायचा होता, आज वेळ मिळाला.

नोव्हेंबरपासून आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास मोठ्यानं वाचन चालतं. लेक नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. आम्ही मिनेसोटात राहतो. लेकीच्या वर्गात लॉरा इंगल्स वाइल्डरचं (पायोनियर, म्हणजे अमेरिकेत नव्या मुलुखात जाऊन वसलेल्या आपल्याच कुटुंबाच्या गोष्टी लिहिणारी लेखिका) नाव निघालं आणि आम्ही लायब्ररीतून एकेक पुस्तक आणायला लागलो. वाचन इंग्रजीत, पण मधे थांबून जी चर्चा होते ती सगळी मराठीत. सासूबाई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या आहेत. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून दर पानाला थांबून लेक त्यांना गोष्ट सांगते. तिला ती गोष्ट खरी कळते ती आजीला सांगतानाच.

सध्या 'द लाँग विंटर' चालू आहे. १८८०-८१ चा हिवाळा, गाव डी स्मेट, आजच्या साउथ डकोटात. पहिलं हिमवादळ ऑक्टोबरातच आलं आणि जानेवारीपासून रेल्वे बंद पडली ती मे महिन्यापर्यंत. गावातला कोळसा संपला, पीठ संपलं. माळावर जाळायला लाकूड नाही. मग लॉरा आणि तिचे वडील वाळक्या गवताचे घट्ट पीळ घालून ते चुलीत घालायचे, आणि तिची आई आणि बहिणी आळीपाळीनं कॉफी दळायच्या छोट्या चक्कीत गहू भरडून त्याची भाकरी करायच्या.

लेकीला हे पटेना. गवत तर भुर्रकन जळून जातं, त्यावर घर कसं गरम होईल? म्हणून आम्ही शेतीसामानाच्या दुकानातून घोड्यांसाठी विकतात तसला गवताचा एक गठ्ठा आणला आणि गॅरेजमध्ये बसलो. बाहेर उणे अठरा होतं, गॅरेजमध्येही हातमोजे घालावे लागत होते, पण मोज्यांनी गवत नीट धरता येईना, म्हणून मुलांनी ते काढून टाकले. मूठभर लांब गवत घ्यायचं, दोन्ही टोकांनी उलटसुलट पिळायचं, पीळ इतका घट्ट झाला पाहिजे की ते आपोआप दुमडून स्वतःभोवती गुंडाळलं जातं, मग टोकं आत खोचायची. आमच्या पहिल्या चार-पाच पिळलेल्या काड्या हातातच उलगडल्या. सासूबाई खुर्चीवर शाल घेऊन बसल्या होत्या. थोडा वेळ बघितलं आणि उठल्या. म्हणाल्या, "अगं, सुंभ वळतात तसं वळ. मांडीवर घे." लहानपणी त्यांनी वडिलांबरोबर दोर वळले होते. पाच मिनिटांत त्यांच्या हातून मनगटाएवढी जाड काडी तयार झाली.

पाऊण तासात आम्ही चौघांनी मिळून अकरा काड्या केल्या. लेकीच्या तळव्यांवर बारीक बारीक ओरखडे उठले होते. मग अंगणातल्या शेकोटीत एक टाकली आणि तिनं घड्याळ लावलं. पाच मिनिटंसुद्धा टिकली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे अकरा काड्यांत एक तासही नाही. आणि त्यांना दिवसभर लागायच्या. रोज."

शेकोटीतली काडी जळून गेली तरी राखेत पीळ तसाच दिसत होता, पांढरा, अगदी स्पष्ट. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हे." लेकीनं ही म्हण पूर्वी ऐकली होती. त्या दिवशी तिनं ती पाहिली.

तुमच्याकडे कुणी असं वाचलेलं करून बघितलंय का? काय काय केलंत ते सविस्तर लिहा.

जास्वंदी
किती सुंदर! तो राखेतला पीळ डोळ्यांसमोर आला. कॉफीच्या चक्कीचंही केलंत का?

रानजाई
हो, केलं. हातानं फिरवायची जुनी चक्की एका जुन्या बाजारात मिळाली. अर्ध्या तासात जेमतेम वाटीभर भरडा निघाला, तोही जाडसर, लापशीच्या रव्यासारखा. दोन्ही मुलांचे हात भरून आले. त्याची एक भाकरी आम्ही पाच जणांत वाटून खाल्ली. मुलगा म्हणाला, "अजून आहे?" आणि लेक म्हणाली, "नाही, आता उद्या." हे ती पुस्तकातल्यासारखं खेळत होती, पण बोलताना तिचा आवाज खरा होता.

सासूबाईंनी सांगितलं की त्यांच्या आईच्या घरी पहाटे चारला जात्यावर बसायचे आणि ओव्या म्हणायचे. जातं दोघींनी ओढायचं असतं, म्हणून दळताना एकटं वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. चक्की मात्र एकेकट्यानं फिरवायची.

टेकडीवरून
आम्ही दोन वर्षं पोर्टलंडला होतो, मागच्या जूनमध्ये पुण्याला परतलो. तिथे असताना मुलांच्या शाळेत ऑरेगन ट्रेलचा, म्हणजे वसाहतकरी बैलगाड्या घेऊन पश्चिमेला गेले त्या वाटेचा, पूर्ण एक महिना होता. मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून निघायचं आणि सुमारे ३,२०० किलोमीटर चालत पश्चिमेला जायचं, चार ते सहा महिने. परत आल्यावर धाकटीला त्या सगळ्याची फार आठवण यायला लागली. म्हणून सुट्टीत आम्ही ते इथे खेळलो.

गच्चीवर खडूनं १० फूट बाय ४ फूट चौकट आखली. गाडीची आतली जागा साधारण एवढीच असायची. मग मुलांना सांगितलं, आता यात सहा महिन्यांचं घर बसवा. मोठ्या माणसाला माणशी ७० ते ९० किलो पीठ लागेल असं तेव्हाची मार्गदर्शक पुस्तकं सांगत, शिवाय खारवलेलं मांस, कॉफी, साखर, मीठ. आम्ही पिठाच्या पोत्यांऐवजी उशा ठेवल्या. चौकट भरली आणि मुलांच्या लक्षात आलं की माणसांना जागाच उरली नाही. धाकटी म्हणाली, "मग बसायचं कुठं?" बसायचं नाही, चालायचं. बहुतेक लोक गाडीच्या बाजूनं चालतच गेले, कारण बैलांना सामानाचंच ओझं पुष्कळ होतं.

मग आमच्या सोसायटीची फेरी मोजली, ४०० मीटर. गाड्या चांगल्या दिवशी साधारण २४ किलोमीटर जायच्या, म्हणजे ६० फेऱ्या. मुलांनी त्या आठवडाभरात पूर्ण केल्या, रोज संध्याकाळी आठ-नऊ. खालच्या वॉचमनकाकांनी फळ्यावर रेघा मारून हिशेब ठेवला. शेवटच्या दिवशी साठावी फेरी संपली तेव्हा मोठा म्हणाला, "हा त्यांचा एक दिवस झाला." थोडा वेळ कुणी बोललं नाही.

काय टाकून द्यायचं हा खेळाचा सगळ्यात अवघड भाग निघाला. वाटेत चढ आला की लोक कपाटं, शेगड्या, पेट्या रस्त्याच्या कडेला टाकून पुढे जात. धाकटीनं स्वतःची चित्रांची वही टाकली नाही, त्याऐवजी एक उशी कमी केली. पीठ कमी झालं तरी चालेल म्हणाली.

खडूचा_डबा
टेकडीवरून, ६० फेऱ्यांची कल्पना फारच आवडली. मी चौथीला शिकवते (इथेच, नाशिकला). नकाशावर बोट फिरवून अंतर कळत नाही, पायांना कळतं.

निवडुंग
सगळ्यांचे अनुभव मनापासून आवडले, तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

या गोष्टींत 'रिकाम्या' माळावर एक कष्टाळू कुटुंब येऊन घर बांधतं. तो माळ रिकामा नव्हता. वाइल्डरच्या कॅन्ससच्या पुस्तकात ('लिटल हाउस ऑन द प्रेअरी') तर मूळ छापलेलं वाक्य असं होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) राहत होते. १९५२ मध्ये एका वाचकानं प्रकाशकाला पत्र लिहून हे दाखवून दिलं, आणि १९५३ च्या आवृत्तीत 'माणसं' काढून 'वसाहतकरी' असा शब्द घातला गेला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं वाइल्डरच्या नावाचा बालसाहित्य पुरस्कार होता त्याचं नावच बदललं. मुलांना खेळायला देण्याआधी आपण याचा विचार करतो का? खेळात मूल जे होतं ते त्याच्या अंगात मुरतं. मग त्यानं दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणारा व्हावं का?

जास्वंदी
निवडुंग, प्रश्न बरोबर आहे. पण मग वाचूच नये का? मला खरंच कळत नाही.

कोरडवाहू
मी कॅन्ससमध्ये विचिटाला असतो, म्हणून थोडी माहिती.

त्या पुस्तकातल्या घराची जागा इंडिपेंडन्स गावाच्या नैर्ऋत्येला आहे. (हे कॅन्ससमधलं इंडिपेंडन्स, वर आलेलं मिसुरीतलं वेगळं.) तिथे लाकडाची खोली पुन्हा बांधून ठेवली आहे. इंगल्स कुटुंब १८६९ ते १८७१ या काळात तिथे होतं. लॉराचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ चा, म्हणजे तेव्हा ती दोन ते चार वर्षांची. तिला स्वतःला फारसं आठवणं शक्य नव्हतं, घरात ऐकलेलं तिनं साठी उलटल्यावर लिहिलं. पुस्तक आलं १९३५ मध्ये.

ती जमीन ओसेज या मूळ रहिवासी लोकांची होती, करारानं त्यांच्यासाठी राखून ठेवलेली. इंगल्स आणि आजूबाजूची शेकडो कुटुंबं कायद्यानुसार तिथे राहू शकत नव्हती. १८७० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं (संसदेनं) कायदा केला आणि ओसेज लोकांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, जावं लागलं. तिथली जमीन त्यांनी चेरोकी या दुसऱ्या मूळ जमातीकडून स्वतःच्या पैशानं विकत घेतली. माझ्या मुलाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. "आपलंच घर सोडायचं आणि नव्या घराचे पैसेही आपणच द्यायचे?"

आणखी एक. पुस्तकात सगळं कुटुंब तापानं फणफणतं आणि एक डॉक्टर येऊन त्यांना वाचवतो. तो हिवताप होता आणि ते डॉक्टर खरे होते. जॉर्ज टॅन, कृष्णवर्णीय डॉक्टर. त्यांची कबर इंडिपेंडन्समध्ये आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा मुलानं जवळच्या रानफुलांची जुडी तिथे ठेवली. घरी आल्यावर त्याच्या खेळात रुग्ण आणि डॉक्टर आले, आणि डॉक्टर व्हायला दोघे भाऊ भांडले.

रानजाई
निवडुंग, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी मूळ पोस्टमध्ये हे टाळलं होतं, कारण नीट मांडता येईल का अशी शंका होती. आता लिहिते.

कॅन्ससचं पुस्तक आम्ही डिसेंबरात वाचलं. तेव्हा मुलांनी बैठकीच्या खोलीत घर मांडलं. जेवणाच्या टेबलावर चादर टाकून गाडी, सोफ्याच्या उशांचं लाकडी घर, आणि हिरवी मोठी गोधडी पसरून माळ. लेक पा (लॉराचे वडील) झाली, मुलगा त्यांचा कुत्रा जॅक, जो गाडीखालून पळत येतो. शेजारचा मित्र खेळायला आला होता, तोही मराठी घरातला, लेकीच्याच वयाचा. लेक त्याला म्हणाली, "तू इंडियन हो."

तो गोधडीच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, "बरं. माझं घर कुठे आहे?"

लेकीनं इकडेतिकडे बघितलं. सगळ्या उशा त्यांच्या घराला लागल्या होत्या. ती म्हणाली, "तुझं घर पुस्तकात नाहीये."

तो गोधडीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मग ही अख्खी गोधडी माझंच घर आहे. तुम्ही माझ्या घरात घर बांधलंय."

खेळ तिथे थांबला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मधे पडावं असं वाटलं, पण पडले नाही. लेक बराच वेळ गप्प होती. मग तिनं दोन उशा काढून त्याला दिल्या. तो म्हणाला, उशा नकोत, गोधडी हवी. सहा वर्षांचा कुत्रा रडायला लागला, कारण आता त्यानं कुणाचा कुत्रा व्हायचं ते त्याला कळेना.

त्या रात्री आम्ही पुस्तक पुढे वाचलं नाही. आम्ही राहतो तिथलंच मी त्यांना सांगितलं, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. की ही जमीन डकोटा लोकांची होती. की १८६२ मध्ये सरकारनं कायदा केला, अर्ज करणाऱ्याला १६० एकर जमीन, पाच वर्षं कसून दाखवली की मालकीची. त्याच वर्षी इथे डकोटांशी युद्ध झालं आणि २६ डिसेंबरला मॅनकॅटो गावात ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिली. मॅनकॅटोला आम्ही दर उन्हाळ्यात जातो. लेकीनं विचारलं, "कुठे?" तिथे स्मारक आहे, आपण जाऊ, असं मी म्हटलं.

तर निवडुंग, वाचू नये असं मला वाटत नाही, पण एकट्यानं वाचू नये असं नक्की वाटतं. नुसतं वाचलं असतं तर ते वाक्य पानासरशी निघून गेलं असतं. गोधडीवर उभं राहायची वेळ आली म्हणून प्रश्न पडला. आणि तो आम्ही मोठ्यांनी पाडला नाही.

निवडुंग
रानजाई, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझं म्हणणं बदललं असं नाही, पण त्या मुलाचं 'उशा नकोत, गोधडी हवी' हे मी विसरणार नाही. एक सुचवतो: लुईस अर्ड्रिचची 'द बर्चबार्क हाउस' ही कादंबरी जोडीनं वाचा. १९९९ ची आहे. सुपिरियर सरोवरातल्या मॅडलिन बेटावरची, १८४७ सालची ओजिब्वे या मूळ जमातीतली मुलगी ओमाकायास तिची नायिका. लेखिका स्वतः ओजिब्वे. त्यात घरं आहेत, चुली आहेत, भावंडांची भांडणं आहेत. देवीच्या साथीचा भाग फार कठीण आहे, तो आधी स्वतः वाचा, मग ठरवा.

रानजाई
आजच लायब्ररीत मागणी नोंदवली. मनापासून आभार.

ओसरीवरची_आजी
मी रानजाईची सासू. तिनं मला हा धागा वाचून दाखवला आणि टाइप करायला बसवलं. चुका पोटात घाला.

नातवंडांना लोणी काढायचं होतं. त्या पुस्तकात उभ्या लाकडी भांड्यात दांडा वरखाली करून लोणी काढतात. आपल्याकडे रवी फिरवतात. सुनेनं बाजारातून क्रीम आणलं, ते आधी थोडं आंबवून घेतलं. रवी मी येताना पिशवीत आणली होती, सून म्हणाली होती कशाला म्हणून. मोठ्या पातेल्यात घातलं आणि नातीला बसवलं. पंधरा मिनिटं झाली तरी काही होईना. ती म्हणाली आजी हे बिघडलंय. मी म्हटलं हात थांबवू नको, आवाज ऐक. आधी चुबुकचुबुक येतो, मग जड होतो, आणि लोणी सुटायला लागलं की पाण्याचा आवाज वेगळा येतो. तिनं कान लावला. आवाज बदलला तेव्हा तिला माझ्याआधी कळलं. मग थंड पाणी घालून गोळा काढला.

पुस्तकात ती आई हिवाळ्यात लोण्याला गाजराचा रस घालते, रंगासाठी. नातीनं विचारलं का. मी सांगितलं, हिवाळ्यात गाई वाळकं गवत खातात, हिरवा चारा नसतो, म्हणून लोणी पांढरं पडतं. आमच्या गाईचंही उन्हाळ्यात तसंच व्हायचं, पाऊस पडून चारा आला की पिवळं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. नात म्हणाली की पुस्तकातल्या आईला आणि तुला एकच गोष्ट माहीत आहे. मला फार बरं वाटलं. आम्ही थोडं गाजर किसून दुधात उकळून, गाळून घातलं. रंग आला.

ताक नातवानं प्यायलं, मीठ आणि जिरं घालून. तिकडच्या पुस्तकात जिरं नाही.

खडूचा_डबा
आजी, नमस्कार! आवाज बदलतो हे वाचून माझी आई आठवली. लिहीत राहा.

टेकडीवरून
आजी, तुमची पोस्ट धाकटीला वाचून दाखवली. आता आमच्याकडे रवीचा शोध सुरू झालाय. माझ्या आईकडे गावी असेल.

जास्वंदी
वाइल्डरच्या गोष्टींतल्या टोळधाडीबद्दल कुणी काही केलंय का? मुलाला तो भाग वाचून भीती वाटली, पण सारखा तोच भाग मागतो.

कोरडवाहू
तो भाग मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्हचा. १८७३ ते १८७७ अशी सलग पाच वर्षं तिथे टोळ आले. आम्ही मुलांना जमिनीवर तांदूळ पसरून 'गहू' केला आणि मोठ्यानं मूठमूठ उचलत नेला, मुलांनी वाचवायचा. वाचत नाही. खेळ तीन मिनिटांत संपतो आणि मुलं पुन्हा मांडायला सांगतात. भीती वाटणाऱ्या मुलाला हेही सांगा की रॉकी माउंटन टोळ ही जात आता जगात उरलेली नाही. जिवंत टोळ शेवटचे सापडले ते १९०२ मध्ये. ज्यांच्या थव्यांनी आकाश झाकलं जायचं ते तीसएक वर्षांत संपले, बहुधा ज्या नदीखोऱ्यांत ते अंडी घालायचे तीच शेतकऱ्यांनी नांगरली म्हणून. माझ्या मुलाला हे ऐकून टोळांचं वाईट वाटलं.

रानजाई
दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.

उन्हाळ्यात डी स्मेटला जायचं ठरलंय. तिथल्या इंगल्स होमस्टेडवर लॉराच्या वडिलांनी लावलेली कॉटनवुडची झाडं अजून उभी आहेत. त्याआधी मॅनकॅटोचं स्मारक. लेकीनं दोन्ही एकाच कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय.

'द बर्चबार्क हाउस' चालू आहे. साथीचा भाग मी आधी वाचला आणि मुलांना थोडक्यात सांगितला, तेव्हा लेक माझ्या मांडीवर येऊन बसली. नंतर वसंतात साखर करण्याचा भाग आला. मेपलच्या झाडांना खाच पाडून रस काढतात आणि आटवतात. लेक लगेच म्हणाली, हे तर लॉराच्या आजोबांकडेही होतं! मग दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवून तिनं बघितलं. कुणी कुणाकडून शिकलं हे तिनंच विचारलं आणि इथले मूळ रहिवासी हे फार आधीपासून करत आले आहेत हे कळल्यावर ते आजीला सांगायला पळाली.

सध्या रात्री गोठतंय आणि दिवसा वितळतंय, रस चढतो तो याच दिवसांत. शेजाऱ्यांच्या अंगणात मोठा शुगर मेपल आहे. त्यांच्या परवानगीनं एक भोक पाडून बादली अडकवली. मुलानं पहिला थेंब बोटावर घेऊन चाटला आणि म्हणाला, "पाणीच आहे." चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक होतो. आम्हाला चार दिवसांत दहा लिटर मिळाला. शनिवारी सकाळी शेकोटीवर ठेवला, संध्याकाळी पाव लिटर उरला. मित्रही आला होता. दिवसभर तिघं आळीपाळीनं लाकडं घालत होती, उकळी उतू जाऊ नये म्हणून बघत होती. सासूबाईंनी बोटांत पाक धरून तार बघितली, "अजून थोडा."

अंगणात बर्फ जवळजवळ संपला होता, गॅरेजच्या मागच्या सावलीत तेवढा राहिला होता. ताटलीत तो भरून घेतला आणि त्यावर गरम पाकाची धार सोडली. ती लगेच चिवट झाली, चिक्कीच्या पाकासारखी. तिघंही उभ्या उभ्या खात होती. मित्रानं विचारलं, "आता आपण कोण आहोत? लॉरा की ओमाकायास?"

लेक म्हणाली, "आधी खा. बर्फ वितळतोय."